मुलाचं मन, चाळीस पत्रिका आणि एक नाणं



गेल्या वर्षी दुसऱ्या सत्राच्या पालकसभेनंतर एक आई वर्गातच थांबून राहिल्या. बाकीचे पालक गेल्यावर त्यांनी पिशवीतून प्लास्टिकचा फोल्डर काढला आणि त्यातले दोन कागद माझ्या टेबलावर ठेवले. एक होती मुलाची जन्मपत्रिका. दुसरा होता बुद्धिमापन चाचणीचा अहवाल. पत्रिका बघणाऱ्यांनी सांगितलं होतं की विद्येचा योग कमजोर आहे. अहवालात लिहिलं होतं, बुद्ध्यांक ८४.

"सर, दोन्हीकडून एकच निघालं बघा. मग आता सातवीनंतर याला शाळेत ठेवू, का मामाच्या गॅरेजला लावू?"

मुलगा दाराशी उभा राहून सगळं ऐकत होता.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मला उत्तर आलं नाही. "ताई, घाई करू नका, बघू आपण," असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. बी.एड.ला आपण सगळ्यांनीच शैक्षणिक मानसशास्त्र आणि त्यातलं संख्याशास्त्राचं प्रकरण शिकलेलं असतं. मध्य, मध्यांक, बहुलक, प्रमाण विचलन. मीही शिकलो, सूत्रं पाठ केली, पेपर लिहिला आणि विसरलो. मानसशास्त्र मुलांच्या मनाबद्दलचं, त्यात ही आकडेमोड कुणी आणि का घुसवली, असंच तेव्हा वाटायचं. त्या ताईंच्या दोन कागदांनी ते प्रकरण मला पुन्हा उघडायला लावलं. तेव्हा जे सांगायला हवं होतं ते आज तुम्हाला सांगतो आहे. त्यांनाही नंतर सांगितलं, ते पुढे येईलच.

आधी पत्रिकेकडे बघू. आपलं नाशिक म्हणजे पंचवटी आणि शेजारी त्र्यंबकेश्वर. इथे पत्रिका हा चेष्टेचा विषय नाही आणि मलाही कुणाची चेष्टा करायची नाही. पण पत्रिका आणि चाचणी हे दोन्ही कागद मुलाच्या मनाबद्दल दावा करतात. दावा खरा की खोटा हे वाद घालून ठरत नाही. "आमच्या गुरुजींनी सांगितलेलं तंतोतंत घडलं" असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला जुळलेली गोष्ट आठवते आणि न जुळलेल्या दहा गोष्टी तो विसरतो, एवढंच. आपली स्मरणशक्ती मोजणी ठेवत नाही. ती कुणीतरी मुद्दाम ठेवावी लागते.

आपल्या महाराष्ट्रात ती एकदा ठेवली गेली आहे. मे २००८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः ज्योतिष शिकलेले व नंतर त्याचे चिकित्सक झालेले प्रकाश घाटपांडे या चौघांनी पुण्यात एक चाचणी जाहीर केली. प्रश्न अगदी आपल्या शाळेतला होता. पत्रिका बघून मूल हुशार आहे की मतिमंद हे सांगता येतं का? ('मतिमंद' हा त्या वेळचा शब्द आहे. आज आपण 'बौद्धिक अक्षमता असलेलं मूल' म्हणतो, आणि तेच बरं.)

शाळांमधून हुशार म्हणून गणली जाणारी मुलं आणि विशेष शाळांमधली मुलं यांची जन्मवेळ, जन्मतारीख आणि जन्मस्थळ कार्यकर्त्यांनी पालकांकडून मिळवलं. त्यातून प्रत्येक गटाच्या १०० अशा २०० पत्रिका तयार झाल्या. त्यांना सांकेतिक क्रमांक दिले आणि कुठली पत्रिका कुणाची याची यादी विद्यापीठात बंद करून ठेवली. पत्रिका तपासणाऱ्याला मूल माहीत नाही आणि पत्रिका पाठवणाऱ्यालाही नाही. ही काळजी वरवर क्षुल्लक वाटते. पण आपण पेपर तपासताना पहिल्या बाकावरच्या मुलाचं अक्षर ओळखू आलं की पेन कसं आपोआप सैल होतं ते आठवा, म्हणजे तिचं महत्त्व कळेल.

सहभागी होणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला या २०० मधल्या ४० पत्रिका द्यायच्या आणि किमान २८ बरोबर आले तर त्याला यशस्वी म्हणायचं, असं आधीच ठरलं. ४० च का आणि २८ च का? कुंटे सरांचं काम इथे होतं, आणि मला वाटतं संपूर्ण प्रयोगाचा जीव इथेच आहे.

समजा ४० ऐवजी १० पत्रिका दिल्या असत्या. दोनच पर्याय असल्यामुळे डोळे मिटून उत्तर देणाऱ्याचेही सरासरी पाच बरोबर येणार. सात किंवा जास्त बरोबर यायची शक्यता किती? शंभरात सतरा. म्हणजे ज्याला काहीही येत नाही अशा दर सहा माणसांतला एक जण "सत्तर टक्के बरोबर" म्हणून फुशारकी मारू शकतो. आता ४० पत्रिका घ्या. प्रमाण तेच, सत्तर टक्के, म्हणजे २८. पण निव्वळ नशिबाने २८ किंवा जास्त येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी उरते. टक्केवारी तीच, पण ती किती जणांवरून काढली यावर तिचा अर्थ बदलतो. 'नमुन्याचा आकार' हा शब्द आपण परीक्षेत दोन मार्कांसाठी लिहिला होता. त्याचा अर्थ हा.

५१ ज्योतिषांनी पत्रिका घेतल्या. त्यातल्या २७ जणांनी उत्तरं परत पाठवली. सर्वांत जास्त बरोबर उत्तरं आली २४, एकाची. त्याच्यानंतर दोघांची २२. सगळ्यांची सरासरी निम्म्याच्याही खाली होती. एका ज्योतिषसंस्थेने सगळ्या २०० पत्रिका तपासल्या, त्यांची १०२ बरोबर आली. नाणं २०० वेळा उडवलं असतं तरी साधारण तेवढेच छापे आले असते. २००९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात हे सगळं प्रसिद्ध झालं. डॉ. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. नारळीकर सर मे २०२५ मध्ये गेले. त्यांनी उडवलेलं ते नाणं मात्र आपण कुठल्याही वर्गात उडवू शकतो.

मी उडवलं. म्हणजे मुलांना उडवायला लावलं. वर्गातल्या तीस मुलांनी प्रत्येकी ४० वेळा नाणं उडवायचं आणि आधी मनात "छापा की काटा" लिहून ठेवायचं. गोंगाट इतका झाला की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. बहुतेकांचे अंदाज सतरा ते तेवीस या दरम्यान बरोबर आले. एका मुलीचे मात्र २७ बरोबर! वर्गाने टाळ्या वाजवल्या, तिला 'ज्योतिषीण बाई' असं नाव पडलं. मी तिला म्हटलं, पुन्हा कर. दुसऱ्यांदा तिचे १९ आले. "सर, लक्ष विचलित झालं माझं," असं ती अगदी मनापासून म्हणाली.

याचं हसू येतं, पण आता पुण्यातल्या २४ कडे पुन्हा बघा. नुसतं नाणं उडवणाऱ्याला २४ किंवा जास्त मिळण्याची शक्यता शंभरात तेरा आहे. म्हणजे २७ जण नाणं उडवायला बसले तर तिघा-चौघांना २४ किंवा जास्त मिळायला हरकत नव्हती. तो पहिला आलेला ज्योतिषी एकटाच घरी गेला असता तर त्याच्या गल्लीत तो "साठ टक्के बरोबर सांगणारा" म्हणून प्रसिद्ध झाला असता. बाकीचे २६ समोर ठेवले की मग त्याचं यश किती ते दिसतं. क्लासच्या जाहिरातीत फोटो असलेली मुलं दिसतात. त्याच क्लासला जाऊन फोटोत न आलेली मुलं किती, हे त्या फलकावर कुठे लिहिलेलं असतं का? कॉलेज रोडवरून जाताना बघा एकदा.

'ज्योतिषीण बाई'च्या २७ नंतर आलेल्या १९ ने मला दुसरीकडेच नेऊन सोडलं, आणि ते मला जास्त लागलं. म्हणून त्यावर थोडं थांबतो.

नोकरीच्या पहिल्या आठ-दहा वर्षांत माझा एक पक्का अनुभव होता. घटक चाचणीत ज्याला फार कमी मार्क पडले त्याला मी झापायचो, आणि पुढच्या चाचणीत त्याचे मार्क वाढायचे. ज्याला पैकीच्या पैकी पडले त्याचं कौतुक केलं की पुढच्या वेळी तो घसरायचा. यावरून मी ठाम ठरवलं होतं की कौतुकाने मुलं डोक्यावर बसतात आणि ओरडा खाल्ला की सुधारतात. हा अनुभव खोटा नव्हता. दरवर्षी वहीत दिसत होता.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन (अर्थशास्त्राचं नोबेल २००२ मध्ये मिळालेले) यांना इस्रायलच्या हवाई दलातल्या एका प्रशिक्षकाने अगदी हेच सांगितलं होतं. चांगल्या उड्डाणाचं कौतुक केलं की पुढचं उड्डाण बिघडतं, वाईट उड्डाणाबद्दल ओरडलं की पुढचं सुधारतं. कानमन यांच्या लक्षात आलं की यात ना कौतुकाचा हात आहे ना ओरडण्याचा. कुठलाही एक मार्क म्हणजे मुलाची खरी तयारी अधिक त्या दिवसाचं नशीब. झोप झाली होती का, वाचलेलाच प्रश्न आला का, घरी भांडण झालं होतं का. वीसपैकी चार पडले त्या दिवशी बहुधा नशीबही वाईट होतं. पुढच्या वेळी नशीब सरासरीला येणार, म्हणजे मार्क वाढणार, तुम्ही ओरडा किंवा गप्प बसा. वीसपैकी वीस पडलेल्याचं उलट. फ्रान्सिस गाल्टनने एकोणिसाव्या शतकात आईवडिलांची आणि मुलांची उंची मोजताना हे पाहिलं होतं. उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण बहुधा त्यांच्याइतकी नाही. याला 'सरासरीकडे परतणं' म्हणतात. पुस्तकात एका ओळीत होतं. मी ते उंचीपुरतं समजलो होतो.

आता हिशोब बघा. मी मूल सर्वांत खाली असताना ओरडलो, ते आपसूक वर आलं, श्रेय ओरडण्याला गेलं. वर्षानुवर्षे निसर्गच मला ओरडण्याबद्दल बक्षीस देत होता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी केली, तेव्हा स्टाफरूममध्ये "आता मुलं कशी सुधारणार" म्हणणाऱ्यांत मी होतो. एका मुलाला मी भूमितीच्या पेपरवरून सगळ्या वर्गासमोर बोललो होतो. पुढच्या चाचणीत त्याचे मार्क वाढले, ते मी चारचौघांत सांगितलंही. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत त्याने वर्गात एकदाही हात वर केला नाही, हे मात्र माझ्या वहीत नव्हतं. मी ते मोजतच नव्हतो.

मला खात्री करायची असती तर कमी मार्कांच्या मुलांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून करायला हवे होते. एकाला ओरडायचं, एकाला नाही, आणि मग बघायचं. तसा प्रयोग आपण मुलांवर करणार नाही, करूही नये. पण निदान जी गोष्ट तपासलेलीच नाही ती अनुभवाच्या नावाखाली छातीठोकपणे सांगणं तरी थांबवता येतं. अबॅकस लावला आणि मार्क वाढले, अमुक पावडर सुरू केली आणि स्मरणशक्ती वाढली, हे सगळं याच जातीचं. मूल एका वर्षात तसंही एका वर्षाने मोठं होतंच की!

मानसशास्त्रज्ञ यातून सुटले आहेत असं समजू नका. २०१५ मध्ये जगभरातल्या संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध झालेले अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी जवळजवळ सगळ्यांनी "परिणाम सापडला" म्हटलं होतं. पुन्हा केल्यावर तो जेमतेम ३६ टक्के अभ्यासांत सापडला. लहान नमुने, जुळलेलं छापायचं आणि न जुळलेलं कपाटात ठेवायचं, ही कारणं त्यांनीच शोधली. मला यात मानसशास्त्राची नाचक्की दिसत नाही. स्वतःचे पेपर पुन्हा तपासायला बसणारी किती क्षेत्रं आहेत?

तर आता दुसरा कागद. बुद्ध्यांक ८४.

पत्रिका बाजूला सारली म्हणजे हा आकडा आपोआप देववाणी होतो असं नाही. बुद्धिमापन चाचणी सुरू झाली १९०५ मध्ये पॅरिसला, आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांच्याकडून, आणि तीही कुठल्या मुलांना शाळेत जास्त मदत लागेल हे शोधण्यासाठी. मराठी मुलांसाठी ती आणली डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी. १९३० च्या दशकात त्यांनी धारवाड भागातल्या कानडी आणि मराठी मुलांवर काम केलं. १९४० मध्ये त्यांचं पुस्तक आलं. 'बिने-कामत' हे नाव विशेष शिक्षकांना माहीत असतंच.

कामतांनी नुसतं भाषांतर केलं असतं तर? मग पॅरिसच्या सात वर्षांच्या मुलाला येणारा प्रश्न धारवाडच्या सात वर्षांच्या मुलालाही यायला हवा, असं गृहीत धरावं लागलं असतं. कुठला प्रश्न कुठल्या वयाचा हे टेबलाशी बसून ठरत नाही. शेकडो मुलांना विचारायचं, किती जणांना येतो ते मोजायचं, मग तो त्या वयाच्या खणात टाकायचा. म्हणजे बुद्ध्यांक ही मुलाच्या डोक्यात भरलेली वस्तू नाही, तो त्याच्या वयाच्या इतर मुलांच्या रांगेतला क्रमांक आहे. आणि मग पहिला प्रश्न येतो तो असा, की रांग कुणाची?

या मुलाचं घर सटाण्याकडचं. वडील कामासाठी अंबडला आले. घरात अहिराणी. त्याच्या घरी मुलाला 'आंडोर' म्हणतात. चाचणी झाली होती पुस्तकी मराठीत. काही शब्दार्थांना त्याने "माहीत नाही" म्हटलं होतं. आईला विचारल्यावर कळलं की त्यातल्या दोन वस्तू त्याला चांगल्या माहीत होत्या, घरच्या नावाने. ज्या रांगेत त्याला उभं केलं त्या रांगेत अहिराणी बोलणारी मुलं किती होती?

दुसरी गोष्ट मोजमापातल्या चुकीची. चांगल्या चाचणीतही आकडा पाच-सहा गुणांनी इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणजे ८४ म्हणजे साधारण ७८ ते ९० मध्ये कुठेतरी. जसं आपल्या घटक चाचणीत, तसंच त्या खोलीतही त्या दिवसाचं नशीब असतं. शिवाय प्रमाणकं जुनी झाली की आकडे फुगतात. पिढ्यानपिढ्या सरासरी गुण वाढत गेल्याचं जेम्स फ्लिन यांनी अनेक देशांच्या आकड्यांवरून दाखवलं, दर दहा वर्षांना साधारण तीन गुण. म्हणून कुठली चाचणी आणि कुठल्या सालातली प्रमाणकं, हे अहवालात बघायला शिका. पालकांनी विचारलं तर राग येऊ नये असा हा साधा प्रश्न आहे.

आणि समजा ८४ अगदी बरोबर आहे. सरासरी १००, प्रमाण विचलन १५. हे सूत्र मी पाठ केलं होतं, त्याचा उपयोग मला या कागदावर पहिल्यांदा झाला. शंभर मुलांत साधारण चौदा जण त्याच्या मागे असणार. माझ्या वर्गात साठ मुलं आहेत. म्हणजे तेवढ्याच किंवा त्याहून कमी बुद्ध्यांकाची आठ-नऊ मुलं माझ्यासमोर रोज बसतात, दरवर्षी बसत आली आहेत. त्यातली बरीच दहावी झाली. एक तर सातपूरला स्वतःचं वर्कशॉप चालवतो आणि माझी गाडी दुरुस्त करताना पैसे घेत नाही. (हेही एकच उदाहरण आहे, त्यावरून काही सिद्ध होत नाही, हे आता मलाच स्वतःला सांगावं लागतं.) पण ८४ हा आकडा शाळेतून काढण्याचा नक्कीच नाही.

मग दोन कागदांत फरक काय? पत्रिकेला मोजायला लावलं तेव्हा ती नाण्याएवढीच निघाली. चाचणी आपल्या चुकीची मर्यादा स्वतः सांगते, आपण ती वाचत नाही. "दोन्हीकडून एकच निघालं" असं ताई म्हणाल्या होत्या. दोन साक्षीदारांचं एकमत भारी वाटतं, पण त्यातला एक नाणं उडवून बोलत असेल तर साक्षीदार एकच उरतो, आणि त्याने "साधारण" असा शब्द वापरलेला असतो.

हे सगळं मी त्यांना पंधरा दिवसांनी सांगितलं, इतकं लांब नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं. प्रमाण विचलन त्यांना पटलं असं मला वाटत नाही. अहिराणीचा मुद्दा मात्र लगेच पटला. "मंग याला आमच्या बोलीत विचारा ना," म्हणाल्या. विचारणाऱ्याला अहिराणी येते अशा ठिकाणी पुन्हा चाचणी करायची असं ठरलं. तारीख मिळाली आहे, चाचणी अजून झालेली नाही.

त्या बसून बोलत असताना मी मुलाच्या हातात एक रुपया दिला आणि वर्गातला खेळ एकट्याने खेळायला सांगितला. चाळीस वेळा, आधी मनात धरून. पुण्याची गोष्ट त्याने आईच्या शेजारी बसून ऐकलेली होतीच. त्याने कागदावर रेघा मारत मोजलं आणि वर बघितलं.

"सर, बावीस."

मग थोडा थांबून म्हणाला, "म्हणजे मी त्या ज्योतिषांत दुसरा?"

तो आता आठवीत बसतो, खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर.